सीरम काढलं की पेशी रुसतात: लिंबसच्या मूलपेशी प्राणिजन्य घटकांशिवाय वाढवताना

पेट्रीडिश
सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी,

कल्चर रूममध्ये दिवस काढणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून थेट कामाचं विचारते. गेले चार महिने एकाच जागी अडकले आहे.

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, काम लिंबसच्या मूलपेशींवर. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: बुबुळ आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे मिळतात तिथली जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची कड म्हणजे लिंबस. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्याचा सगळ्यात वरचा थर आयुष्यभर झिजत असतो आणि या कडेतल्या मूलपेशी तो भरून काढतात. ॲसिड किंवा कॉस्टिक सोड्याने ही कड जळाली की भरपाई थांबते, पांढऱ्या भागावरचं आवरण रक्तवाहिन्यांसकट कॉर्नियावर चढतं आणि दिसेनासं होतं. अशा डोळ्यावर नेत्रदानातला कॉर्निया नुसता बसवून भागत नाही, कारण त्या नव्या कॉर्नियालाही पेशी पुरवणारं कोणी उरलेलं नसतं. म्हणून दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांचा थर जळालेल्या डोळ्यावर बसवायचा.

मी शिकले ती पद्धत जुनी. कॉर्निया बदलताना मधला गोल कापून घेतल्यावर उरलेली कड आमच्याकडे येते. तिचे दोन मिलिमीटरचे तुकडे करायचे आणि १०% एफबीएस (गर्भातल्या वासराचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव), इन्सुलिन, ईजीएफ (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन), हायड्रोकॉर्टिसोन, कॉलरा टॉक्सिन घातलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या खाद्यद्रावात, ठेवायचे. तिसऱ्या दिवशी तुकड्याच्या कडेने पेशी डोकावायला लागतात आणि चौदाव्या दिवसापर्यंत वेल (प्लेटमधला खळगा) भरते. याच्यात मला कधी अडचण आली नाही.

पण माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "हे कधीतरी माणसाच्या डोळ्यात जायचं आहे ना, मग वासराचं सीरम कशाला?" ते मला मनापासून पटलं. एफबीएस कुठून येतं हे नीट वाचल्यावर तर जास्तच पटलं. कत्तल झालेल्या गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या हृदयातून काढलेलं ते रक्त असतं. तेव्हापासून मी सीरम पूर्ण बंद केलं आणि केरॅटिनोसाइटसाठी, म्हणजे त्वचेच्या पेशींसाठी, मिळणारं तयार 'सीरम-फ्री' मीडियम घेतलं.

आता दहातले सहा तुकडे तळाला चिकटतच नाहीत, तरंगत राहतात. जे चिकटतात त्यांच्यातून पेशी पाचव्या-सहाव्या दिवशी निघतात, त्याही एकेकट्या आणि ताणलेल्या. फरशीला फरशी लागून बसावी तसा घट्ट थर होतच नाही. आणि ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) लावून दुसऱ्या डिशमध्ये टाकल्या की निम्म्या बसत नाहीत, बसलेल्या तीन दिवसांत मरतात.

प्राणिजन्य काही नको म्हटल्यावर माणसाचं सीरम चालतं का? उंदराच्या फीडर पेशींशिवाय, म्हणजे आधाराला खाली पसरलेल्या पेशींशिवाय, मूलपेशी टिकतात का? आणि मुळात सुरुवात कुठून करायची? कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

मायक्रोपिपेट
सोमवार, रात्री ११.४८

एफबीएसच्या जागी १०% माणसाचं सीरम घाला, बाकी काही बदलू नका. आमच्याकडे ओरल म्युकोसाच्या (तोंडाच्या आतल्या अस्तराच्या) पेशींवर हेच करतो. तुकडे चिकटतील, पेशीही निघतील. फार खोलात जायची गरज नाही.

कल्चरवाली
मंगळवार, सकाळी ७.२०

पेट्रीडिश, तू म्हणते, चालेल ना? माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

मायक्रोपिपेट यांचं चूक नाही. माणसाचं सीरम घातलं तर तुझे तुकडे बहुतेक चिकटतील. पण खोलात जायची गरज नाही, हे मला मान्य नाही. डोळ्यांच्या पेशींवर मी एकोणीस वर्षं काम करते आहे आणि खोलात न गेल्यामुळेच एकदा फार मोठं नुकसान केलं आहे. ते खाली सांगते.

आधी तुझं दुखणं. तू 'सीरम' नावाची एक गोष्ट काढलीस असं तुला वाटतं. प्रत्यक्षात तू एका फटक्यात चार नोकर काढून टाकलेस आणि त्यांची कामं कोणालाच दिली नाहीस.

पहिलं काम चिकटवण्याचं. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन असतात, ती प्लॅस्टिकवर बसतात आणि पेशी त्यांना धरतात. ती गेली म्हणून तुझे तुकडे तरंगतात. यावर उपाय म्हणजे प्लेटला आधी लेप द्यायचा. रीकॉम्बिनंट (प्राण्यातून न काढता, जनुक घालून दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतलेलं) व्हिट्रोनेक्टिन चालतं, लॅमिनिन-५११ किंवा ५२१ त्याहून चांगलं, कारण लिंबसच्या पेशी शरीरातही लॅमिनिनच्या पडद्यावरच बसलेल्या असतात. शिवाय तुकडा ठेवल्या ठेवल्या वेल भरू नकोस. तुकडा जेमतेम ओला राहील एवढाच थेंब सोड, प्लेट इनक्युबेटरमध्ये काही तास हलवू नकोस, मग कडेकडेने मीडियम वाढव. नव्या मुलांचे निम्मे तुकडे मी फक्त एवढ्या सवयीने वाचलेले पाहिले आहेत.

दुसरं काम ट्रिप्सिन थांबवण्याचं, आणि तुझ्या पेशी दुसऱ्या डिशमध्ये मरतात त्याचं कारण माझ्या मते इथेच आहे. सीरममध्ये ट्रिप्सिनला निकामी करणारी प्रथिनं असतात, अल्फा-१-अँटिट्रिप्सिनसारखी. एफबीएसवाल्या मीडियमचा एक घोट टाकला की ट्रिप्सिन थांबायचं, आपल्याला विचारही करावा लागायचा नाही. सीरम-फ्री मीडियममध्ये ते थांबवणारं कोणी नाही. उरलेलं ट्रिप्सिन पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कुरतडत राहतं. मग त्या बसणार कशाच्या जोरावर? आणि ट्रिप्सिन स्वतः कुठून येतं? डुकराच्या स्वादुपिंडातून! वासरू बाहेर काढलंस आणि डुक्कर बाटलीत तसंच राहिलं. रीकॉम्बिनंट एन्झाइम वापर. ट्रिपएलई त्यातलंच, ते नुसतं पातळ केलं की थांबतं. पेशी हलक्या हाताने खाली बसव, वरचं टाकून दे, ताज्या मीडियममध्ये घे.

तिसरं, वाढीचे घटक. ते तू ईजीएफ आणि इन्सुलिनच्या रूपाने देते आहेस, ठीक. पण चौथं काम कोणाच्या लक्षात येत नाही. सीरममधलं अल्ब्युमिन या घटकांना सांभाळतं. प्रथिनच नसलेल्या मीडियममध्ये नॅनोग्रॅमच्या हिशेबात घातलेलं ईजीएफ ट्यूबच्या आणि बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतं. आपल्याला वाटतं दहा घातले, पेशीला मिळतात किती कोण जाणे. थोडं रीकॉम्बिनंट मानवी अल्ब्युमिन घाल. ते यीस्टमध्ये किंवा भाताच्या दाण्यात तयार केलेलं मिळतं.

आता एकेकट्या ताणलेल्या पेशी. बाटलीवर कॅल्शियम किती आहे ते बघ. केरॅटिनोसाइटची तयार मीडियम बहुधा ०.१ मिलीमोलरच्या खाली असतात, तू आधी वापरत होतीस त्यात साधारण १ असणार. पेशींनी एकमेकींचा हात धरायला कॅल्शियम लागतंच, त्यांना सांधणारं कॅडहेरिन त्याच्याशिवाय काम करत नाही. कमी कॅल्शियममध्ये त्या वाढतील, पण एकेकट्या. जास्त दिलंस तर थर चढेल, पण मूलपेशी म्हणून राहायच्याऐवजी प्रौढ व्हायला लागतील. म्हणून वाढवताना कमी आणि शेवटच्या काही दिवसांत थर हवा असेल तेव्हा जास्त, असं दोन टप्प्यांत कर.

आणि शेवटचं, जे सांगायला मला वाईट वाटतं. त्या 'सीरम-फ्री' मीडियमबरोबर एक चिमुकली वेगळी बाटली आली असेल. तिच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. अशा बऱ्याच मीडियममध्ये ती बाटली गाईच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काची असते. सीरम नाही हे अगदी खरं, पण गाय आहेच.

माझं नुकसान असं झालं. काही वर्षांपूर्वी आम्ही एफबीएस सोडून माणसाच्या प्लेटलेटचा लायसेट, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट फोडून काढलेला अर्क, घेतला. पेशी इतक्या सुंदर वाढल्या की मी रोज सकाळी आधी त्याच प्लेट बघायला जायचे. पण लायसेटमध्ये फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, असतं आणि मीडियममध्ये कॅल्शियम, त्यामुळे सगळ्याची जेली होते. ती होऊ नये म्हणून प्रोटोकॉलप्रमाणे हेपरिन घालत होतो. अकरा महिन्यांचं काम झालं, कागद लिहायला बसलो आणि तपासणाऱ्याने एकच प्रश्न विचारला: हेपरिन कशातून? डुकराच्या आतड्यातून. पहिल्या पानावर मी स्वतःच्या हाताने 'प्राणिजन्य घटकांशिवाय' असं लिहिलं होतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. फायब्रिनोजेन आधीच काढून टाकलेला लायसेट घेऊन हेपरिनशिवाय.

तेव्हापासून नवीन मुलीला मी आधी पिपेट देत नाही. आधी फ्रीजमधली प्रत्येक बाटली टेबलावर मांडायला लावते आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहायला सांगते: हे कोणाच्या शरीरातून आलं? तूही तिथूनच सुरुवात कर.

बुबुळ
मंगळवार, दुपारी ३.०५

मी शस्त्रक्रिया करणारा आहे, बाटल्यांमधलं मला कळत नाही. पण पलीकडच्या टोकाला काय होतं ते सांगतो.

एका रुग्णाने संमतिपत्र वाचताना बोट ठेवून विचारलं होतं, "डॉक्टर, या उंदराच्या पेशी माझ्या डोळ्यात राहणार का?" साफसफाईच्या कामात कॉस्टिक उडून त्याचा डोळा गेला होता. त्याला खोटं सांगायचं नव्हतं आणि घाबरवायचंही नव्हतं. मी म्हणालो, त्या पेशींना आधी किरणं देऊन त्यांचं विभाजन थांबवलेलं असतं, त्या फक्त तुमच्या पेशींना सोबत करतात. पण एकही मागे उरत नाही असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकलो नाही. तो गप्प बसला आणि मग सही केली. ती शांतता माझ्या लक्षात राहिली आहे.

तरी उंदीर म्हणजे धोकाच, असंही कोणी समजू नये. उंदराच्या ३टी३ पेशींवर माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवायची पद्धत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ मध्ये दिली. त्याच पायावर पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दोन रुग्णांच्या जळालेल्या डोळ्यांवर लिंबसच्या पेशी बसवल्या. पुढे इटलीतल्या त्याच गटाने २०१० मध्ये ११२ रुग्णांचे निकाल दिले, त्यात ७६.६% डोळ्यांत कॉर्निया कायमचा सावरला. २०१५ मध्ये युरोपने मंजूर केलेलं होलोक्लार, म्हणजे लिंबसच्या पेशींचा तयार थर, तोही उंदराच्या फीडरवरच वाढवलेला. हजारो रात्रींची मेहनत आहे त्यामागे, तिचा मला आदर आहे.

पण तुमचा रस्ता अशक्य नाही, हे तुम्हाला कोणीतरी ठामपणे सांगायला हवं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने फीडर नाही, एफबीएस नाही, रुग्णाच्याच रक्तातलं सीरम आणि माणसाचा ॲम्निऑटिक (गर्भाभोवतीचा) पडदा एवढ्यावर पेशी वाढवल्या. २०११ मध्ये त्यांनी २०० डोळ्यांचा दहा वर्षांचा अनुभव छापला, ७१% डोळ्यांचा पृष्ठभाग स्थिर राहिला. उंदरावर वाढवलेल्यांच्या आसपासच आहे ना हा आकडा? न्यूकॅसलच्या गटानेही २०१० मध्ये प्राणिजन्य घटकांशिवाय आठ रुग्णांवर ते करून दाखवलं. आणि अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअरने सीरम, प्रतिजैविकं आणि प्राण्यांच्या फीडर पेशी यांच्याशिवाय वाढवलेल्या पेशींचे चौदा रुग्णांवरचे निकाल दिले. तीन महिन्यांनी निम्म्या रुग्णांचा कॉर्निया पूर्ण सावरला होता, बारा महिन्यांनी ७९% जणांचा.

तुमच्या माहितीसाठी आणखी एक. एकाच डोळ्याला इजा असेल तर आता पुष्कळदा प्रयोगशाळेची गरजच पडत नाही. हैदराबादच्याच संगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या स्लेट पद्धतीत चांगल्या डोळ्याचा दोन बाय दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात, त्याचे आठ-पंधरा बारीक कण करतात आणि फायब्रिन ग्लूने ॲम्निऑटिक पडद्यावर डोळ्यातच पेरतात. पेशी तिथेच वाढतात, ना प्लेट ना मीडियम. मीसुद्धा आता हेच जास्त करतो. पण दोन्ही डोळे जळाले असतील तर पेरायला बी कुठून आणणार? तेव्हा मला तुमच्यासारख्यांकडेच यावं लागतं. म्हणून कृपा करून सोडू नका.

कल्चरवाली
मंगळवार, दुपारी ४.३०

बुबुळ सर, फायब्रिन ग्लूचं तेवढं बघा. काही ग्लूमध्ये गोठ विरघळू नये म्हणून ॲप्रोटिनिन असतं आणि ते पूर्वी गाईच्या फुप्फुसातून यायचं. आता कृत्रिम मिळतं. डब्यावर लिहिलेलं असतं.

बुबुळ
मंगळवार, दुपारी ४.५२

आत्ता ऑपरेशन थिएटरमधला डबा मागवून पाहिला. कृत्रिम आहे. पण इतक्या वर्षांत मी हे कधी वाचलं नव्हतं. आभार.

पेट्रीडिश
बुधवार, रात्री १०.१५

ताई, आज दिवसभर तेच केलं. फ्रीज आणि डीप फ्रीझर रिकामा करून सगळ्या बाटल्या मांडल्या, सत्तावीस निघाल्या.

चिमुकली बाटली गाईच्या पिट्युटरीचीच निघाली. तुम्ही म्हणालात ते अक्षरशः खरं. चार महिने मी वहीत रोज 'प्राणिजन्य नाही' असं लिहीत होते. ट्रिप्सिन डुकराचं. ट्रान्सफेरिन (लोह वाहून नेणारं प्रथिन) माणसाच्या प्लाझ्मातलं. फ्रीझिंग मीडियममध्ये तर ९०% एफबीएस, त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, कारण ते 'कल्चर'मध्ये येत नाही असं मी मनात धरलं होतं. पेशी मात्र त्यातूनच बाहेर येतात!

दोन बाटल्या कुठे टाकायच्या कळलं नाही. तुकडा सोडवायला वापरते ते डिस्पेज आणि कॉलरा टॉक्सिन, दोन्ही जिवाणूंपासूनची. प्राणी नव्हेत म्हणून ती चालतात का?

आणि माणसाच्या सीरमचं उत्तर अजून मला नीट मिळालं नाही.

बॅचनंबर
बुधवार, रात्री ११.३०

मी गुणवत्ता तपासणीत आहे, कल्चरवाली ताईंना हेपरिनचा प्रश्न विचारणारा माणूस माझ्यासारखाच कोणीतरी असणार. त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे.

शब्द नीट वेगळे करा, निम्मा गोंधळ तिथेच होतो. 'सीरम-फ्री' म्हणजे सीरम नाही, एवढंच. 'झेनो-फ्री' म्हणजे माणसाशिवाय दुसऱ्या प्राण्याचं काही नाही. माणसाचं सीरम, प्लेटलेट लायसेट, प्लाझ्मातलं ट्रान्सफेरिन हे सगळं त्यात बसतं. 'ॲनिमल-ओरिजिन-फ्री' म्हटलं की माणसाच्या शरीरातून काढलेलंही बहुधा चालत नाही, पण इथे प्रत्येक उत्पादक स्वतःची व्याख्या करतो, म्हणून व्याख्या मागून घ्या. आणि 'केमिकली डिफाइन्ड' म्हणजे बाटलीत काय आणि किती आहे ते सगळं ठाऊक असणं. तुम्हाला कुठे पोचायचंय ते आधी ठरवा.

डिस्पेजबद्दल. जिवाणू प्राणी नाही, बरोबर. पण त्या जिवाणूला वाढवताना खायला काय दिलं होतं? पुष्कळदा मांसाचा किंवा दुधाचा पेप्टोन, म्हणजे अर्धवट पचवलेली प्रथिनं. म्हणून पुरवठादाराला फक्त 'कशापासून' एवढं विचारू नका, 'तयार करताना काय वापरलं' तेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कोलॅजेनेज आणि डिस्पेज, दोन्ही प्राणिजन्य खाद्याशिवाय तयार केलेली मिळतात. कॉलरा टॉक्सिन काढूनच टाका. ते पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढवण्यासाठी घालतात, ते काम आयसोप्रोटेरेनॉलने होतं.

एवढा किस का काढतो? मॅडकाउ आठवतो ना? गाईंचा तो आजार माणसात आल्याचं १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं. तो पसरवणारं प्रायॉन हे बिघडलेलं प्रथिन गाळणीत अडकत नाही आणि नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला दाद देत नाही. दुसरं, प्राण्यांच्या पेशींवर एनईयू५जीसी (Neu5Gc) नावाची एक शर्करा असते, ती माणसाचं शरीर बनवू शकत नाही आणि आपल्याकडे तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. प्राणिजन्य मीडियममध्ये वाढवलेल्या मानवी मूलपेशी ती उचलून स्वतःच्या अंगावर लावून घेतात, हे २००५ मध्ये दिसलं. तिसरं कागदाचं. अमेरिकेत जिवंत प्राणी-पेशींच्या संपर्कात वाढवलेल्या मानवी पेशी झेनोट्रान्सप्लांट, म्हणजे प्राण्याकडून माणसात प्रत्यारोपण, या वर्गात धरतात. भाजलेल्यांसाठीची एपिसेल ही त्वचा याच कारणाने त्या वर्गात आहे. रुग्णाच्या मागे आयुष्यभराची देखरेख लागू शकते.

कल्चरवाली
गुरुवार, सकाळी ६.५०

सत्तावीस बाटल्या एका दिवसात! शाब्बास.

माणसाच्या सीरमचं माझं मत सांगते. रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताचं असेल तर त्याच्यासारखं सुरक्षित काही नाही आणि हैदराबादच्या लोकांनी ते निभावून दाखवलं आहे. पण संशोधन म्हणून मला ते अडचणीचं वाटतं. पंचविशीतल्या मुलाचं सीरम आणि सत्तरीतल्या आजींचं सीरम एकसारखं काम करत नाही. तुझी प्लेट वाढली नाही तर दोष तुकड्याचा, हाताचा की सीरमचा, कळणार कसं? म्हणून तुझ्या जागी मी सीरमशिवायच जाईन. तुकड्यांच्या पद्धतीत एक फायदाही आहे, सीरम नसलं की स्ट्रोमातले (पेशींच्या थराखालच्या आधार-ऊतीतले) फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशी, माजत नाहीत.

उंदराच्या फीडरचं म्हणशील तर तुकड्यांच्या पद्धतीत ते लागतच नाहीत. तुकड्याबरोबर त्याचा स्वतःचा स्ट्रोमा येतो, शेजारपाजार घेऊनच येतो म्हण ना. फीडर लागतात ते पेशी सुट्या करून वाढवताना. तिथेही लॅमिनिनवर, किंवा माणसाच्याच फायब्रोब्लास्टवर भागवणारे आहेत. ओसाकाच्या गटाने तर आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींना परत मूलपेशींसारखं करून मिळवलेल्या) कॉर्नियाच्या पेशी लॅमिनिन-५११ च्या तुकड्यावर घडवल्या आणि चार रुग्णांवर बसवून २०२४ मध्ये दोन वर्षांचे निकाल दिले.

आता खरं महत्त्वाचं. सगळं बदललंस आणि प्लेट बाराव्या दिवशी भरली, म्हणजे जिंकलीस असं नाही. भरलेल्या प्लेटने मी स्वतः फसले आहे. इटलीच्या त्या ११२ रुग्णांच्या कामात प्लेट सगळ्यांच्याच भरल्या होत्या. पण ज्या कल्चरमध्ये पी६३ (मूलपेशींची खूण असलेलं प्रथिन) ठळक दिसणाऱ्या पेशी ३% पेक्षा जास्त होत्या तिथे यश ७८%, जिथे ३% किंवा कमी तिथे अवघं ११%. वरून थर सारखाच. आत मूलपेशी उरल्या आहेत की संपल्या, एवढाच फरक. ३% हा आकडा त्यांच्या पद्धतीचा आहे, तो तुझ्या तुकड्यांना जसाच्या तसा लावू नकोस. पण मोजल्याशिवाय राहू नकोस.

पी६३ बरोबर केरॅटिन-१२ बघ, म्हणजे प्रौढ किती झाल्या ते कळेल. आणि क्लोन काढ. हजारभर पेशी विरळ पेरायच्या, बारा दिवसांनी रंगवायच्या. गोल, गुळगुळीत काठाचे, आत बारीक पेशी दाटीने बसलेले मोठे ठिपके दिसले की समज तुझ्या मूलपेशी आहेत. दातेरी काठाचे, आत मोठ्या पसरट पेशींचे छोटे ठिपके म्हणजे थकलेल्या. ही चाचणी मी आजही उंदराच्या ३टी३ वर करते, त्यात काही गैर नाही. त्या प्लेटमधलं काही रुग्णाकडे जात नाही.

आणि एका वेळी एकच बदल. आधी लेप, मग एन्झाइम, मग चिमुकली बाटली. प्रत्येक बदलाला निदान तीन वेगवेगळ्या दात्यांच्या कडा, आणि शेजारी त्याच कडेचे जुन्या पद्धतीचे तुकडे. वेळ लागेल. घाई करून मी अकरा महिने घालवले आहेत.

मायक्रोपिपेट
गुरुवार, सकाळी ९.१५

ताई, आमच्या लायसेटमधलं हेपरिन आत्ताच बघितलं. डुकराचंच आहे. माझं पहिलं उत्तर घाईचं होतं, पेट्रीडिश यांनी ते सोडून द्यावं.

पेट्रीडिश
रविवार, रात्री ९.४०

सात आठवड्यांनी परत येते आहे. मुद्दाम थांबले होते, हातात काही असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

लॅमिनिन-५२१ चा लेप आणि पहिली रात्र जेमतेम एक थेंब मीडियम. बारा तुकड्यांपैकी अकरा चिकटले. बारावा मीच चिमट्याने उलटा ठेवला होता.

एन्झाइम बदलल्यावर पहिल्या पासेजला, म्हणजे दुसऱ्या डिशमध्ये टाकल्यावर, पेशी बसल्या! मी संध्याकाळी प्लेट ठेवून घरी गेले आणि झोप येईना, म्हणून सकाळी साडेसहाला येऊन पाहिलं. तळाला सपाट बसलेल्या, पारदर्शक, मध्ये केंद्रक स्वच्छ दिसणाऱ्या. तरंगणारं जवळजवळ काही नाही. गेल्या चार महिन्यांत पाहिलेल्या प्लेटशी त्यांचं काही नातं नव्हतं.

गाईचा अर्क काढल्यावर मात्र वेग कमी झाला. पेशी चौथ्या दिवशी निघतात आणि भरायला सतरा-अठरा दिवस लागतात. तीन दात्यांपैकी दोघांच्या कडांना असं, तिसऱ्या दात्याचं वय जास्त होतं, त्याच्या तुकड्यांतून फारच थोडं निघालं. पण त्याच्या जुन्या पद्धतीच्या तुकड्यांतूनही थोडंच निघालं, म्हणून दोष मीडियमला देत नाहीये. शेवटच्या चार दिवसांत कॅल्शियम वाढवलं की पेशी एकमेकींना धरतात, दोन-तीन थर चढतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती फरसबंदी दिसते जी मला परत बघायची होती.

पी६३ मोजलं. पहिल्या दोन दात्यांत सीरमशिवायच्या प्लेटमध्ये ठळक पेशी एफबीएसच्या प्लेटइतक्याच, एकीत थोड्या जास्तच. वेग कमी पण ऐवज तोच. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी कॅलेंडर बघून याला अपयश म्हटलं असतं. क्लोनच्या प्लेट अजून इनक्युबेटरमध्ये आहेत, परवा रंगवायच्या.

एकच जागा राहिली. बाटल्यांची यादी परत वाचताना लक्षात आलं, कड माझ्याकडे येते तीच मुळी साठवणीच्या द्रावात बुडवून. त्यात काँड्रॉइटिन सल्फेट आहे, आणि तेही प्राण्यांच्या कूर्चेतून. ते तर माझ्या हातात नाही. त्याचं काय करू?

कल्चरवाली
रविवार, रात्री १०.२५

वाचून डोळे भरून आले गं.

साठवणीचा द्राव तुझ्या हातात नाही, धुणं आहे. कड आली की कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये पाच वेळा धू, प्रत्येक वेळी नवी डिश आणि नवा चिमटा. वहीत ते लपवू नकोस, 'दात्याची कड अमुक द्रावातून आली, पाच वेळा धुतली' असं स्पष्ट लिही. रुग्णाचा स्वतःचा तुकडा ऑपरेशन थिएटरमधून थेट तुझ्या मीडियममध्ये येईल तेव्हा हा प्रश्न उरणार नाही, पण आत्ताच्या प्रयोगांत तो आहे. आणि पाचव्या धुण्याचं पाणी फेकू नकोस. तारीख टाकून उणे ऐंशीला ठेव, बॅचनंबर यांच्यासारखं कोणीतरी ते एक दिवस नक्की मागेल.

परवा क्लोन रंगवलेस की फोटो टाक.